एकच प्रत, तीही भाड्याच्या डब्यात

भारतात रात्री आठला लागणारी मालिका दुबईच्या घड्याळात साडेसहालाच सुरू होते. त्या वेळी शारजात राहणारा मराठी नोकरदार अल इत्तिहाद रोडवर पुढच्या गाडीचे लाल दिवे पाहत बसलेला असतो. तेव्हा रेकॉर्डिंगला पर्याय नाही.

कायद्याची तशी आडकाठी नाही. अमिरातीचा 2021चा कॉपीराइट कायदा स्वतःच्या, बिगरव्यापारी वापरासाठी एक प्रत करू देतो. एकच, आणि तीही प्रत करणाऱ्याच्याच वापरासाठी! म्हणजे बटण नवऱ्याने दाबलं आणि मालिका बायकोने सासूबाईंना शेजारी बसवून पाहिली, तर काय? असले प्रश्न वकिलाला विचारू नयेत. त्याच्या फीमध्ये नवा टीव्ही येतो.

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 1984 साली सोनीच्या व्हीसीआरवरच्या खटल्यात, पाच विरुद्ध चार मतांनी, नंतर पाहण्यासाठी घरी केलेलं रेकॉर्डिंग वाजवी ठरवलं. भारतीय कायद्याचं कलम 39सुद्धा खासगी रेकॉर्डिंगला मोकळीक देतं. हक्क सगळीकडे आहे, व्हीसीआर मात्र गेला. त्याच्या कॅसेटवरची बुरशीसुद्धा आपल्या मालकीची असायची! आता प्रत टीव्ही कंपनीच्या कुलूपबंद सेट-टॉप डब्यात राहते, आणि कुलूप तोडायला अमिरातीचा तोच उदार कायदा मनाई करतो.

व्हिसा संपवून गावी निघालात की डबाही परत करावा लागतो. राहिलेले भाग त्याआधी पाहून घ्या.