गाडीभर खडी

मावळात जमीन गुंठ्यात विकतात, बांधकाम चौरस फुटांत आणि खडी ब्रासमध्ये. बंगल्याच्या बागेतली खडी मात्र गाडीत मोजतात. पवना धरणाच्या काठी गुंठे घेतलेले साहेब शनिवारी साइटवर येतात, गॉगल कपाळावर चढवतात, हवेत हात फिरवतात आणि विचारतात, “इथून तिथपर्यंत. किती लागेल?” ठेकेदार एकवार जागेकडे बघतो, एकवार साहेबांच्या मोटारीकडे. अंदाज मोटारीवरून निघतो. “दोन गाड्या टाकू. कमी पडली तर बघू.”

वास्तविक हिशोब शाळकरी पोराचा. वाट 100 फूट लांब, 6 फूट रुंद, थर 4 इंच. गुणाकार केला की 200 घनफूट. 100 घनफुटांचा एक ब्रास, म्हणजे 2 ब्रास. पण कंपनीचा नफा दशांशापर्यंत सांगणाऱ्या साहेबांचं इंचाला 12 ने भागायचं तेवढं राहून जातं. वाट चार फूट जाड होते आणि आकडा निघतो 24 ब्रास. ठेकेदार म्हणतो, “साहेब, हिशोब एकदम पक्का तुमचा.”

बरं, गाडी म्हणजे किती? ट्रॅक्टरची ट्रॉली गाडी, सहाचाकी डंपर गाडी आणि हायवाही गाडीच. टेप लावून हौदा मोजायला गेलात तर ड्रायव्हरचा चेहरा असा होतो, जणू तुम्ही त्याच्या लग्नातल्या हुंड्याची चौकशी केलीत. खडी फाळक्याच्या वीतभर खाली का? “रस्त्यात बसली.” कशामुळे बसली? खड्ड्यांमुळे. खड्डे कशामुळे? डंपरमुळे. डंपर कशासाठी? तुमच्या खडीसाठी! कामशेतकडच्या शाळकरी पोरांनी याच धुरळ्यातून सायकल हाणायची, कारण तुम्हाला अनवाणी चालायला ‘नॅचरल फील’ हवा. त्यात याच प्लॉटवर आधी पोकलेन लावून काळा कातळ फोडला, पैसे मोजून बाहेर टाकला, आणि आता पैसे मोजूनच राजस्थानचे पांढरे गोटे येताहेत. मावळात! जिथे फूटभर माती उकरली की दगडच लागतो! जवळच्या कार्ल्याला सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी लोकांनी 124 फूट लांबीचं चैत्यगृह छिन्नी-हातोड्यानं अखंड कातळात कोरलं. तिथं एक खांब जास्त तासला गेला असता तर ‘अजून एक गाडी टाक’ म्हणायची सोय नव्हती. त्यांना मापं जमली. आपल्याला मोबाइलात कॅल्क्युलेटर असून वाट जमत नाही.

मागवलेली गाडी परत जात नाही, त्यामुळे उरलेला ढीग गेटाबाहेर पडतो. लोणावळा-मावळचा पाऊस तो उचलतो आणि शेजारच्या खाचरात नेऊन घालतो. तिथला शेतकरी चिखलात वाकून ती खडी वेचतो, हातानं, आणि त्याची मजुरी कुठल्याच कोटेशनात धरलेली नसते. वर विकेंडला हेच लोक त्याच्याकडे ‘ओरिजिनल इंद्रायणी’ तांदूळ मागायला जातात आणि किलोमागे दहा रुपयांची घासाघीस करतात.

तेव्हा साहेब, गाडी खाली करण्याआधी हौदा मोजा. आणि उरलेला ढीग मे संपायच्या आत उचला. जुलैत लावणी असते.