छपरावरचे दाजी

गावात पहिला टीव्ही आला की महिन्याभरात त्या गावात एक अँटेनावाला माणूस तयार होतो. त्याला कोणी नेमलेलं नसतं आणि चहा सोडला तर कोणी काही देतही नाही. पोलीस पाटील, कोतवाल यांची निदान तहसिलात नोंद असते. याची नोंद फक्त फुटक्या कौलांत. आमच्याकडे हे खातं दाजींकडे होतं. दाजी म्हणजे गावचे जावई, सासऱ्यांना मुलगा नसल्यामुळे इथंच राहिलेले. जावयाला पाटावर बसवतात, छपरावर चढवत नाहीत, हे काय आम्हाला कळत नव्हतं? पण गुरुवारी ऐन ‘छायागीता’त हेमा मालिनीच्या जागी नुसत्या मुंग्या दिसायला लागल्या की मानपान कोण बघतो!

आमच्या गावाची अडचण भूगोलाची होती. १९७३ साली पुण्याला दूरदर्शन दिसू लागलं ते मुंबईचेच कार्यक्रम सिंहगडावरच्या मनोऱ्यावरून पुढे सोडून. टीव्हीच्या लहरी नाकासमोर चालणाऱ्या. मध्ये डोंगर आला की वळसा घालायचं त्यांच्या फारसं अंगवळणी नाही. आणि आम्ही नेमके पुरंदरच्या पाठीमागे. सिंहगडापेक्षा पुरंदर उंचीला काकणभर जास्तच, त्यामुळे डोक्यावरून जे काही निसटून येईल तेवढंच आमच्या वाट्याला. दाजींचं म्हणणं असं, की १६६५ च्या तहात हे दोन्ही किल्ले एकदमच मोगलांना गेले, तेव्हा दोघांत काहीतरी बिनसलं असणार. त्याशिवाय एका गडाने दुसऱ्याची इतकी अडवणूक करायचं कारण नाही.

दाजी हाक आल्याबरोबर येत, पण आल्याबरोबर चढत नसत. आधी ओसरीवर बसून रोग विचारून घेत. “मुंग्या हायत का भूत हाय?” मुंग्या म्हणजे सिग्नल अशक्त. भूत म्हणजे एका माणसाशेजारी त्याचीच फिकट सावली. चित्र खालून वर पळत असेल तर मात्र दाजी जागचे हलत नसत. “हे खालचं दुखणं. आमच्याकडं वरचं.” खालचं दुखणं म्हणजे टीव्हीच्या पेटीतलं. त्याला सासवडहून मेकॅनिक आणावा लागे आणि तो पैसे घेई, म्हणून गावाला दुखणं नेहमी वरचंच असावं असं वाटे.

मग शिडी लागायची. खिशात पाना, दातात चिकटपट्टीचा तुकडा, आणि पायात काही नाही, कारण चप्पल कौलावर घसरते. छपरावर दाजी, अंगणात पोरगं, खिडकीशी घरातली थोरली सून आणि आत सतरंजीवर उरलेलं गाव. “आलं का?” हा प्रश्न तीन तोंडांतून आत जायचा, “आलं हुतं, गेलं” हे उत्तर तीन तोंडांतून वर यायचं, तोवर पाइप वीतभर पुढे फिरलेला. पण खरी गोम या उशिरात नव्हती. एक मंगलोरी कौल फुटलं की पावसाळाभर खाली पातेलं ठेवावं लागतं, आणि ते पातेलं उपसायला काही दाजी येत नाहीत. म्हणून घरधनीण पहिल्या वळशालाच ओरडायची, “आलं बाई, आलं! एकदम झ्याक! उतरा आता दाजी, चहा निवतोय.” आतून पोरं बोंबलायची, “कुठं आलंय? मुंग्याच हायत नुसत्या!” दाजींनी यावर आपला हिशेब बसवला होता. पोरांचं ‘आलं’ ते सोळा आणे धरीत, घरधनिणीचं चार आणे. कधी चित्र यायचं आणि आवाज जायचा. तेव्हा सिंहगडाच्या बाबतीत असं व्हायचंच, एवढं बोलून ते खाली उतरत.

भुताचा बंदोबस्त हा त्यांचा हातखंडा. १९८७ च्या जानेवारीत रविवारी सकाळी ‘रामायण’ सुरू झालं आणि आमच्याकडे दहा तोंडांचा रावण वीस तोंडांचा दिसू लागला. बायकांनी टीव्हीला हार घातलेला, उदबत्ती लावलेली, आणि समोर दोन दोन राम. कारण साधं आहे. लहरी एकदा सरळ येतात आणि एकदा समोरच्या कड्यावर आपटून येतात. तीनशे मीटरचा फेरा जास्त पडला की सेकंदाचा दहा लाखावा भाग उशीर होतो, आणि पडद्यावर चित्र डावीकडून उजवीकडे रेखलं जात असल्यामुळे तेवढ्यानेही दुसरा राम पहिल्याच्या उजव्या अंगाला पाऊण सेंटिमीटर सरकून उभा राहतो. दाजींना मायक्रोसेकंद ठाऊक नव्हता. पण अँटेना सिंहगडाच्या नेमक्या रोखाने न धरता, कड्याकडून येणारा फेरा बाजूला पडेल असा किंचित तिरका धरायचा, मग चित्र फिकं पडलं तरी चालेल, हे त्यांनी हाताने शोधून काढलं होतं. इंजिनिअरही तेच करतो, फक्त अनवाणी नाही. “फिका चालंल, पन राम एकच पायजे,” असं ते म्हणत, आणि गावातल्या कीर्तनकारांनी हे वाक्य पुढे दोन-तीन कीर्तनांत स्वतःचं म्हणून वापरलं.

आता या माणसाने ‘रामायण’ किती पाहिलं असेल? जवळजवळ नाहीच. याबद्दल कोणी हळहळलं तर दाजींना कळतच नसे की हा कशाबद्दल बोलतोय. त्यांना कार्यक्रमात रस नव्हता, चित्रात होता. सीताहरणाच्या भागावर त्यांचा अभिप्राय “या वेळी मुंग्या कमी हुत्या” असा. बातम्यांत पूर असो, भूकंप असो, निवेदिकेच्या साडीचे काठ सुटे सुटे दिसले की दाजी तृप्त. त्यांचा सगळ्यांत आवडता कार्यक्रम म्हणजे प्रक्षेपण सुरू व्हायच्या आधीचे ते रंगीत उभे पट्टे. कोणी हलत नाही, बोलत नाही, गात नाही; चित्र कसं आहे ते शांतपणे बघता येतं. सरपंचांच्या घरी रंगीत टीव्ही आला तेव्हा दाजी दुपारपासून जाऊन बसत आणि ‘आमची माती, आमची माणसं’ सुरू झालं की उठत.

आणि मधेच पडद्यावर ‘व्यत्यय’ अशी पाटी यायची तेव्हा तर दाजींचा विजयाचा क्षण. लोक चुकचुकत, दाजी पुढे सरसावत. “अक्षरं बघा. जोडाक्षरसुदिक साफ हाय. म्हंजे आपलं सगळं बरूबर हाय, दोष तिकडं मुंबईला.” कितीदा तरी आम्ही अख्खं गाणं घालवून तो व्यत्यय निरखत बसलो आहोत.

एकदा गिरणीत असणाऱ्या आमच्या चुलत्यांनी मुंबईचा त्यांचा जुना अँटेना एसटीच्या टपावरून पाठवला. चांगला सव्वादोन मीटर लांबीच्या काड्यांचा. मुंबईचं चॅनल चौथं, त्याच्या लहरी लांब, म्हणून काड्याही लांब. सिंहगडाला दोन हात काडी पुरते. दाजींनी तो उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाले, “यावर गोधड्या चांगल्या वाळतील.” पण थोरल्या माणसाची भेट, ती गोधड्यांना कशी लावणार? शेवटी दाजींनीच तोड काढली. पाइपच्या टोकाला चुलत्यांचा अँटेना, मानाचा, त्याला वायर नाही. त्याच्याखाली चार फुटांवर आखूड अँटेना, कामाचा, चपटी वायर त्याला. गणपतीत चुलते आले, चित्र पाहिलं आणि गावभर सांगत सुटले की मुंबईच्या मालाची बातच वेगळी. शिवाय कावळे उंच जागा बघून वरच्या अँटेनावर बसू लागले आणि खालचा निर्धोक राहिला. मानाच्या माणसांचा असाही उपयोग होतो, हे दाजींना स्वतः जावई असल्यामुळे माहीतच असणार.

पुढे छत्र्या आल्या. २००४ च्या अखेरीस दूरदर्शनची फुकटातली डिश सुरू झाली आणि पाचसहा वर्षांत गावातली सगळी तोंडं मावळतीची आग्नेयेला फिरली. २०२१-२२ मध्ये तर दूरदर्शनने जमिनीवरचे बहुतेक जुने प्रक्षेपकही बंद करून टाकले. दाजींना डिश आवडली नाही. सिग्नल किती टक्के ते पडद्यावरच लिहून येतं, त्यामुळे कोणी ओरडत नाही. चित्र एक तर लख्ख येतं नाही तर अजिबात येत नाही, मुंग्या नाहीत, भूत नाही. म्हणजे माणसाने करायचं काय? भंगारवाला काड्या न्यायला आला तेव्हा दाजींनी त्याला ॲल्युमिनियमचा भाव दोनदा विचारला आणि अँटेना दिला नाही.

पण डिशमध्येही एक खोट निघाली. तिच्या लहरी इतक्या बारीक, की जोराची सर आली की ढगातच जिरतात. सिंहगड पावसात कधी बंद पडला नव्हता. हिचं मात्र मृगाची पहिली सर कोसळली आणि ऐन मालिकेत ‘नो सिग्नल’. झालं, पुन्हा हाका सुरू. “दाजी, जरा बघा की!” सर ओसरली की चित्र आपोआप येतं, हे दाजींना एका पावसाळ्यातच उमगलं. त्यांनी ते कोणाला सांगितलं नाही. आता ते हाक आली की आधी ओसरीवर बसतात, आभाळाकडे नजर टाकतात आणि चहा मागतात. काळा ढग मोठा असला तर दुसरा कपही मागतात. मग शिडी कुठे आहे, तिची तिसरी पायरी कोणी मोडली, याची चौकशी होते. मग छत्री उघडून सावकाश वर जातात. त्यांचा हात डिशला लागायला आणि आत मालिका सुरू व्हायला एक गाठ पडते. घरातले वर बघून म्हणतात, दाजींच्या हाताला गुण आहे. पाना तोवर खिशातून निघालेला नसतो.