शिंगरू विकावं की राखावं?

सारंगखेड्याच्या यात्रेत घोड्याचे दात बघणाऱ्या एखाद्या जाणत्या माणसाला अमेरिकेतल्या बास्केटबॉल संघाचा व्यवस्थापक नेमावं, अशी आमची नम्र सूचना आहे. पगाराचं त्यांनी ठरवावं. इंग्रजीची अडचण येणार नाही, कारण सौद्याच्या वेळी जुना व्यापारी बोलतच नाही. समोरच्याचा हात रुमालाखाली घेतो, बोटं दाबतो आणि भाव सांगून मोकळा होतो. भोवती उभ्या असलेल्या बघ्यांना काय ठरलं ते शेवटपर्यंत कळत नाही.

डॅलस मॅव्हरिक्स या संघाने २०२५ च्या फेब्रुवारीत असाच एक रुमालाखालचा सौदा केला. लुका डॉन्चिच नावाचा त्यांचा गार्ड, वय वर्षं पंचवीस, एका रात्रीत लॉस एंजेलिस लेकर्सच्या दावणीला गेला. गार्ड म्हणजे चेंडू पुढे नेणारा, कुणाला कधी द्यायचा ते ठरवणारा. संघाचा लगाम ज्याच्या हाती, तो. आदल्याच वर्षी या पोराने डॅलसला अंतिम फेरीत नेऊन उभं केलं होतं. त्याच्या बदल्यात डॅलसने घेतला अँथनी डेव्हिस, वय एकतीस. खेळाडू मोठाच, पण पाय नेहमी कुरकुरणारा. वर एक मॅक्स क्रिस्टी आणि २०२९ सालच्या नव्या खेळाडूंच्या भरतीत लेकर्सचा पहिल्या फेरीतला निवडीचा हक्क. म्हणजे २०२५ मध्ये घोडा द्यायचा आणि २०२९ मध्ये होणाऱ्या शिंगराची चिठ्ठी खिशात घालून घरी यायचं. सारंगखेड्याच्या माणसाने निदान दोघांचे जबडे तरी उघडून पाहिले असते.

डेव्हिस डॅलसकडून पहिल्याच सामन्यात दुखावला.

सारंगखेडा ज्यांनी पाहिलेलं नाही, त्यांच्यासाठी थोडं सांगतो. नंदुरबार जिल्ह्यातल्या शहादा तालुक्यात, तापीच्या काठावर एकमुखी दत्ताचं देऊळ आहे. दत्तजयंतीला यात्रा भरते आणि घोड्यांचा बाजार लागतो. मारवाडी, काठेवाडी, पंजाबातले पांढरेधोप नुकरे, सगळे येतात. एखाद्या घोड्याची किंमत कोटीच्या घरात गेल्याची बातमी हटकून छापून येते आणि तिच्या शेवटच्या ओळीत मालक विकायला तयार नसल्याचं लिहिलेलं असतं. पण खरी मजा कोटीवाल्या घोड्याच्या मांडवात नाही. ती कडेला, बाभळीखाली बांधलेल्या शिंगराजवळ आहे. दुधाचे दात अजून तोंडात, मान ताठ, कान सारखे फिरताहेत. गिऱ्हाईक भोवती फेरी मारतं, गळ्यावर देवमणाचा भोवरा आहे का बघतं, खुराला टिचकी मारतं, दहा पावलं पळवून आणायला सांगतं. मग बघे सुरू होतात. एक म्हणतो, पुढचा पाय बाहेर टाकतंय. दुसरा म्हणतो, पोट सुटलंय. तिसऱ्याला त्याच्या डोळ्यात खोड दिसते. जे तिघेही घोड्यावर कधी बसलेले नसतात, त्यांचंच मत सगळ्यात ठाम.

डॉन्चिचच्या बाबतीत हेच झालं. वजन वाढलंय, अंग राखत नाही, अशी कुजबुज सौद्यानंतर लगेच छापून आली. व्यवस्थापक निको हॅरिसन यांनी जाहीर सांगितलं, की विजेतेपद बचावाने मिळतं. वाक्य बरोबर आहे. बरोबर वाक्यं अशा वेळीच तर लागतात. चाहत्यांनी मैदानाबाहेर शवपेटी आणून ठेवली, आत बसलेल्यांनी महिनोन्महिने ‘हॅरिसनला काढा’च्या घोषणा दिल्या आणि अखेर ११ नोव्हेंबर २०२५ ला हॅरिसन यांना नारळ मिळाला. मधल्या काळात नशीब म्हणजे काय असतं बघा: भरतीच्या सोडतीत डॅलसला पहिला क्रमांक मिळण्याची शक्यता १.८ टक्के होती, आणि तो मिळाला! कूपर फ्लॅग नावाचं नवं शिंगरू फुकटात गोठ्यात आलं. आपल्याकडे असल्या सोडतीची चौकशी लागली असती.

हा सगळा विषय आमच्या चौकात निघाला तो पपईवाल्या आप्पांच्या नातवामुळे. पोरगं मोबाइलवर सामने बघतं. शाळेच्या मैदानावर बास्केटबॉलची रिंग आहे, जाळी नाही, त्यामुळे बास्केट झाली की नाही यावर तिथे रोज भांडण होतं. बाकी खेळाची माहिती मात्र पक्की. चौकात लगेच दोन तट पडले. निवृत्त मुख्याध्यापक ‘विका’ पक्षाचे. त्यांचं म्हणणं, होतकरू हा शब्दच धोक्याचा. त्यांनी पस्तीस वर्षं प्रगतिपुस्तकात ‘होतकरू’ लिहिलं, त्यातले निम्मे अजून होताहेत. हाती आलेला तयार माणूस बरा. खताच्या दुकानाचे मालक ‘राखा’ पक्षाचे, पण ते उधारी वसूल न झालेल्या गिऱ्हाइकालाही राखतात, तेव्हा त्यांचं मत तत्त्व म्हणून धरता येत नाही.

नातवाने मग एकच माहिती पुढे टाकली आणि मुख्याध्यापकांचा चहा थंड झाला. २०२५ ची अंतिम लढत ओक्लाहोमा सिटी आणि इंडियाना यांच्यात झाली. ओक्लाहोमाचा म्होरक्या शाय गिल्जियस-अलेक्झांडर. त्याला लॉस एंजेलिस क्लिपर्सने २०१९ मध्ये, एकाच मोसमानंतर, देऊन टाकलं होतं. इंडियानाचा म्होरक्या टायरीस हॅलिबर्टन; त्याला सॅक्रामेंटोने फेब्रुवारी २०२२ मध्ये, एकविसाव्या वर्षी, देऊन टाकलं होतं. दोघेही गार्ड, दोघेही विकलेली शिंगरं, आणि सात सामन्यांची अंतिम फेरी त्या दोघांची. सातव्या सामन्यात हॅलिबर्टनची टाच निकामी झाली आणि ओक्लाहोमा जिंकलं. क्लिपर्सने शायच्या बदल्यात पॉल जॉर्ज घेतला होता. तो २०२४ मध्ये करार संपल्यावर फिलाडेल्फियाला निघून गेला, आणि क्लिपर्सच्या हाती काही उरलं नाही. उलट त्यांनी सौद्यात वर दिलेल्या भरतीच्या हक्कांपैकी एकातून ओक्लाहोमाला जॅलन विल्यम्स मिळाला. घोडा दिला आणि त्याच्या चाऱ्याची गंजीही गाडीत भरून दिली.

“म्हणजे विकणारे मूर्ख,” खतवाले म्हणाले.

इथे मात्र आम्हाला त्यांच्या विरुद्ध जावं लागतं. सॅक्रामेंटोचा संघ सोळा वर्षं बाद फेरीत गेलेला नव्हता. सोळा वर्षं! एवढ्यात आपल्याकडे पूल मंजूर होऊन, बांधून, खचूनही जातो. हॅलिबर्टनच्या बदल्यात त्यांनी डोमांटास सबोनिस आणला आणि पुढच्याच मोसमात, २०२३ मध्ये, ते बाद फेरीत गेले. पहिल्याच फेरीत सातव्या सामन्यात हरले, पण गावात दिवाळी झाली. त्या गावाला तुम्ही काय सांगणार, अजून तीन वर्षं कळ काढा? आणि ओक्लाहोमाने कळ काढली म्हणजे काय केलं, तेही ऐका: २०२१-२२ च्या मोसमात ८२ पैकी ५८ सामने हरले. हरत हरत पोर वाढवलं. व्यवस्थापकाची खुर्ची हलली नाही. हे सगळ्यांना परवडत नाही.

आप्पा इतका वेळ गप्प होते. ते म्हणाले, “भाऊ, ज्याना घर चारा शे, तोच घोडा राखस.”

बाभळीखालचा मालक शिंगरू का विकतो, हे बाजारात कुणी विचारत नाही. पाय बाहेर टाकतं म्हणून नाही. घरी कार्य निघालेलं असतं, नाहीतर सोसायटीचं थकलेलं असतं, नाहीतर मार्गशीर्षातच कडबा संपत आलेला असतो. घेणारा ते ओळखतो, पण बोलतो पायाबद्दल. विकणाराही मान डोलावतो, कारण अडचणीपेक्षा खोड सांगणं अब्रूला बरं. हॅरिसन यांचा बचाव त्याच जातीचा.

आयपीएलमध्ये निदान अदलाबदलीसाठी खेळाडूची संमती घ्यावी लागते. रवींद्र जडेजा चेन्नईहून राजस्थानला गेला आणि संजू सॅमसन तिकडून इकडे आला, तेव्हा दोघांच्या सह्या झाल्या. डॉन्चिचला मात्र सौदा झाल्यावर कळलं. शिंगराला विचारत नाहीत, त्यालाही विचारलं नाही. एवढ्या समानतेचं आम्हाला कौतुक वाटतं.

आता नंदुरबारकरांनी दुसऱ्याच्या व्यवहारावर किती हसावं, हा प्रश्न आहे. हा जिल्हाच १ जुलै १९९८ ला धुळ्यातून सोडवून घेतलेला. सरकारी नोकरीत ‘नंदुरबारला पाठवीन’ ही धमकी समजतात, त्यामुळे आमच्याकडे येणारा साहेब बॅग पूर्ण उघडत नाही. एक अपवाद झाला. शेजारच्या साक्री तालुक्यातले, भिल्ल समाजातले डॉ. राजेंद्र भारूड जिल्हाधिकारी होते. मोठमोठी शहरं प्राणवायूसाठी टँकरची वाट बघत होती, तेव्हा या जिल्ह्याचे स्वतःचे ऑक्सिजन प्लांट चालू होते, कारण ते करोनाच्या दुसऱ्या लाटेच्या आधीच उभारायला घेतले होते. देशभर नाव झालं. आणि २०२१ मध्येच त्यांची पुण्याला बदली झाली. बदल्यात २०२९ चा हक्कसुद्धा मागितला गेला नाही.

साहेबांचं सोडा. धडगाव, अक्कलकुव्याच्या पाड्यांवर ऊसतोडीचा मुकादम पावसाळ्यातच येतो. घरात धान्य संपलेलं असतं, त्या दिवसांत तो उचल देतो. दिवाळीनंतर तिथली पोरं, ज्यांच्या पायात सातपुड्याची चढण आहे, कोयता घेऊन गुजरातच्या उसात उतरतात. सौदा पक्का, संमती अंगठ्याची, चाऱ्याचा हिशेब मुकादमाच्या वहीत. क्रीडाशिक्षक डिसेंबरात हजेरी घेतो, तेव्हा संघातला सगळ्यात वेगवान मुलगा बारडोलीच्या बाजूला असतो. ऊस तोडायच्या आणि मोळी बांधायच्या वेगाची नोंद कुठली निवड समिती ठेवत नाही.

“मग या सौद्याबद्दल नारळ कोणाला द्यायचा?” आप्पांच्या नातवाने विचारलं.

मुख्याध्यापकांच्या मते यासाठी समिती नेमायला हवी. खतवाल्यांच्या मते समिती नेमायला हरकत नाही, पण अध्यक्ष अहवाल देण्याआधी बदलून जातील. मतभेद एवढाच उरला, की ते पुण्याला जातील की ठाण्याला.