अवर सचिव वर जातात

दिल्लीत सगळं वरून येतं. बदली वरून येते, आदेश वरून येतो, रद्द झालेली सुट्टीही वरूनच रद्द होते. आमच्या द्वारकेत पाणी तेवढं टँकरनं खालून येतं, पण त्याचीही चिठ्ठी वरूनच लागते, असं म्हणतात.

आमच्या सोसायटीतले काका केंद्र सरकारच्या एका खात्यात ३४ वर्षं काढून अवर सचिव म्हणून निवृत्त झाले. 'अवर' या शब्दाची फोड ते स्वतःच करतात: जो वर नाही तो. ही बोच जुनी असावी. पेन्शन सुरू झाली त्याच महिन्यात त्यांनी कॅमेरा घेतला आणि जाहीर केलं की यापुढे आपण फोटो काढू ते फक्त वरून.

असा माणूस दिल्ली परिसरात एकच आहे असं समजू नका. गुडगाव, नोएडा, द्वारका, कुठल्याही मोठ्या सोसायटीत एक तरी निघतोच. तुमच्याशी बोलताना त्याची मान वर असते. द्वारका विमानांच्या वाटेखाली, त्यामुळे आमच्या काकांना तर दिवसभर खुराक. चहा ओतता ओतता थांबतात, कान टवकारतात, "एअरबस तीनशेवीस" म्हणतात आणि मग उरलेला चहा बशीत ओततात. टीपॉयवर उद्धव ठाकऱ्यांचं 'महाराष्ट्र देशा' कायम उघडं. पुस्तक २०१० चं, किल्ल्यांचे आकाशातून काढलेले फोटो. त्यावर काकांचं मत: "चांगलंय. पण हेलिकॉप्टर होतं त्यांच्याकडे." हवाई छायाचित्रकार गोपाळ बोध्यांचं नाव मात्र ते कानाच्या पाळीला हात लावून घेतात. १८५८ साली फ्रान्समध्ये नादार नावाच्या गृहस्थानं फुग्यात बसून जगातला पहिला हवाई फोटो काढला, हे काकूंनाही पाठ झालंय. पोळ्या लाटताना त्या म्हणतात, "त्या नादाराच्या बायकोचं कुणी काही लिहिलंय का हो?"

दिल्लीत वर जायची हौस धरणं म्हणजे मांजराच्या गळ्यात घंटा बांधायला निघणं. पूर्वी बरं होतं म्हणे. सफदरजंगला १९२८ पासून फ्लाइंग क्लब, लोक विमान शिकायचे. पुढे सुरक्षेच्या कारणानं तिथली उड्डाणं थांबली. आज शेजारच्या आयएनए मार्केटमध्ये मासळी घेताना काका कुंपणापलीकडे असे बघतात, जसं एखादा आपल्या विकलेल्या वाड्याकडे बघतो. ड्रोन घ्यावा म्हटलं, तर २०२१ च्या नियमांप्रमाणे आकाशाचे लाल, पिवळे, हिरवे पट्टे पडलेले, आणि नकाशावर दिल्ली बघाल तर गोवर उठलेल्या पोरासारखी लालेलाल. राष्ट्रपती भवनावरच्या आकाशाला तर 'व्हीआयपी-८९' असं नावच आहे. हे कळलं तेव्हा काका दोन मिनिटं गप्प बसले. मग म्हणाले, "माणसं सोड, इथे हवेलापण ग्रेड आहे."

शिवाय १९३७ च्या विमान नियमांतला नियम तेरावा. उडत्या विमानातून फोटो काढायचा तर लेखी परवानगी लागते. प्रवासी विमानातल्या प्रवाशांना पुढे सूट मिळाली, पण खिडकीतून ढग टिपणं म्हणजे काकांच्या लेखी फोटोग्राफीच नव्हे. "परमिशन भेटून जाईल," ते म्हणाले. ४० वर्षांच्या दिल्लीनं त्यांच्या मराठीला हे असं शेपूट लावलंय. त्यांनी अर्ज केले दोन: एक दिल्लीच्या आकाशासाठी, एक हरियाणाच्या. हरियाणाचा कागद आला. तो त्यांनी लॅमिनेट केला.

फेब्रुवारीतल्या एका पहाटे ४ वाजता काका, काकू आणि मी नारनौलकडे निघालो. तिथे बाछोद गावाजवळ हवाई पट्टी आहे. गाडीत कॅमेऱ्याची बॅग पुढच्या सीटवर, काकू मागे, मांडीवर थालीपिठांचा डबा. रेवाडी मागे पडेस्तोवर काकांनी मला शिकवलं की शटर सेकंदाच्या हजाराव्या भागापेक्षा सावकाश ठेवायचं नाही, कोपर विमानाला टेकवायचं नाही, नाहीतर इंजिनाची थरथर फोटोत उतरते, आणि भिंग खिडकीबाहेर काढलं तर वारा ते थेट राजस्थानात नेऊन टाकेल.

विमान सेस्ना १७२, चार माणसांचं. लांबून खेळण्यातलं वाटतं आणि जवळून तर नक्कीच. कॅप्टन म्हणजे पंचविशीतला पोरगा. त्यानं नमस्कार केला आणि वजनकाटा पुढे सरकवला.

इतक्या छोट्या विमानात तेल, माणसं, सामान सगळ्याची बेरीज आधी कागदावर मांडतात. कोण पुढे, कोण मागे, तेही त्यावरच ठरतं. "पंचाहत्तर," काका काट्याकडे न बघता म्हणाले. हा आकडा त्यांच्या सर्व्हिस बुकातला असावा. काट्यानं ९१ दाखवले. ३४ वर्षं मंत्रालयात आपलं काही वजन नाही म्हणून कुढलेला हा माणूस, आणि वजन निघालं ते नेमकं नको तिथे. त्यात बॅग ११ किलो. कॅप्टननं बेरीज दोनदा केली आणि डोकं खाजवत म्हणाला, "सर, या तो बैग, या आंटीजी." काकांनी बॅगेकडे पाहिलं, मग काकूंकडे पाहिलं, मग पुन्हा बॅगेकडे. दुसऱ्यांदा पाहायला नको होतं.

"मी खालीच बरी," काकू म्हणाल्या आणि प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसून त्यांनी डबा उघडला.

आम्ही उडालो. खाली मोहरीची पिवळी शेतं, मध्येच एखादी विटांची भट्टी, पुढे ढोसीचा डोंगर. च्यवन ऋषींचा डोंगर म्हणतात तो, म्हणजे च्यवनप्राशाचं माहेर. वरून बघितलं तर मधोमध खोलगट, थेट उपड्या केलेल्या वाडग्याच्या तळासारखा. मी नुसता बघत राहिलो. काका बघतच नव्हते. सेस्नाचे पंख डोक्यावर असतात, म्हणून खालचं दिसतं, पण पंखाला आधार देणारी तिरकी दांडी आणि चाक हे दोघे लग्नातल्या मामांसारखे प्रत्येक फोटोत पुढे. कॅप्टननं खिडकीची अडण सोडली, खिडकी वाऱ्यानंच वर उचलून धरली आणि काकांची टोपी मागे माझ्या तोंडावर येऊन बसली. पुढची १० मिनिटं ते भिंग बदलत होते. ढोसी आला तेव्हा हातात मोठं भिंग होतं, ढोसी गेला तेव्हा छोटं.

त्याच वेळी खाली काकूंना पुण्याहून नणंदेचा फोन आला. हे संभाषण मला नंतर कळलं.

"दादा कुठंय?"

"हे आत्ताच वर गेले."

पलीकडे शांतता. "अगं... कधी?"

"दहा मिनिटं झाली. फार दिवसांची इच्छा होती त्यांची."

"आणि तू एकटीच आहेस तिथे?"

"हो ना. शेजारचा मुलगा होता, तोही त्यांच्याबरोबरच गेला."

आम्ही उतरलो तेव्हा काकांच्या मोबाइलवर १७ मिस्ड कॉल होते, आणि पुण्याच्या भाच्यानं दिल्लीच्या तिकिटाचे दर बघायला सुरुवात केली होती.

फोटो निघाले ४१२. त्यातल्या बहुतेकांत दांडी आहे. मोबाइलवर काढलेल्यांत पुढचा पंखा काजूच्या पाकळ्यांसारखा तुटून हवेत तरंगताना दिसतो. एका फोटोत माझा गुडघा आहे, तो मात्र अतिशय स्वच्छ आलाय. उरलेल्यांतले चार काकांनी गणेशोत्सवात मांडले. "आपली बिल्डिंग कुठली यात?" असं प्रत्येकानं विचारलं. ही दिल्ली नाही, नारनौल आहे, हे काका पहिल्या दिवशी समजावून सांगत होते. तिसऱ्या दिवशी त्यांनी विटांच्या भट्टीवर बोट ठेवून "ही घ्या" म्हणायला सुरुवात केली.

दिल्लीचा अर्ज अजून तिथेच आहे. काका चौकशीला जातात तेव्हा समोरचा अवर सचिव आदरानं चहा मागवतो आणि सांगतो, "सर, फाइल वर गेलीय." हे वाक्य काकांनी स्वतः किती जणांना ऐकवलं असेल! म्हणून त्यांना रागावताही येत नाही. ते चहा पितात आणि परत येतात.

परवा पाऊस पडून गेला आणि एका संध्याकाळपुरती दिल्लीची हवा धुतल्यासारखी झाली. काका कॅमेरा घेऊन धापा टाकत गच्चीच्या दारापाशी पोहोचले. दाराला कुलूप, शेजारी स्टुलावर गार्ड.

"खोल भाई, दोन फोटो काढायचेत."

गार्ड उठला नाही. "अंकलजी, ऊपर से मना है."