घरचं मैदान

फुटबॉलवेड्या कोल्हापुरात पंथ दोनच: अर्जेंटिना आणि ब्राझील. पेठेतला कट्टर समर्थक शाहू स्टेडियमच्या गॅलरीतून पाटाकडील तालमीच्या बचावफळीतली भोकं बोट दाखवून मोजतो. स्वयंपाकघराच्या छतातलं भोक मात्र गेल्या पावसाळ्यापासून ‘दुखापतग्रस्त’ आहे. २०२२च्या अंतिम सामन्यात एम्बापेने तीन गोल मारूनही फ्रान्स का हरला, यावर तो तासभर बोलेल. नळाचा वायसर बदलायला सांगा, लगेच जादा वेळ मागतो.

मेस्सीने पस्तिशीत विश्वचषक उचलला म्हणून यानेही चाळिशीत टर्फचे पैसे भरले. पाचव्या मिनिटाला पोटरी धरून आडवा. (नेमारही एवढा विव्हळला नसता.) आता महिनाभर शिडी बंद, डॉक्टरांचा हुकूम. शेवटी बायकोने गवंडी बोलावला. हा खाटेवरून त्याला पोझिशन सांगतोय.