ट्यूना मेल्टची शास्त्रोक्त कृती (फक्त देवणी तालुक्यासाठी)

देवणीपासून कुठल्याही दिशेला सरळ रेघ ओढा, चारशे किलोमीटरच्या आत समुद्र लागत नाही. त्याआधी हाळी हंडरगुळीचा बैलबाजार लागतो, पण तिथला माल वेगळा. तेव्हा ट्यूना ताजा आणायचा नाही, ही खूणगाठ आधी बांधावी. कोकणात ज्याला कुपा म्हणतात त्याच जातकुळीतला हा मासा. पकडल्यापासून बर्फात नीट राहिला नाही तर त्यात हिस्टामिन तयार होतं, खाणाऱ्याचं तोंड लालबुंद होतं, अंगावर चट्टे उठतात, आणि कितीही शिजवलं तरी ते जात नाही. मराठवाड्यातला मे महिना आणि एसटीच्या टपावरचा कुपा ही जोडी जमवण्याचा मोह टाळावा. डबा आणावा. पुण्याला किंवा हैदराबादला शिकणारं पोर सुट्टीला यायचं असेल तर त्याला आधीच सांगून ठेवावं.

डबा आला की तो उघडायचा प्रश्न येतो. पत्र्याच्या डब्याचं पेटंट १८१० सालचं, आणि डबा उघडण्याच्या हत्याराचं अमेरिकन पेटंट १८५८ सालचं. मधल्या काळात साहेबलोक छिन्नी-हातोडी घेऊन जेवायला बसत. त्यामुळं ओपनर नाही म्हणून देवणीकरांनी कमीपणा मानू नये. हल्ली बहुतेक डब्यांना वर कडी असते. कडी तुटली तर शेजारच्या सायकलवाल्याकडं जावं, विळीवर प्रयोग करू नयेत.

आता डब्यातलं पाणी किंवा तेल पूर्ण निथळून टाकायचं. ज्या लातूर जिल्ह्याला २०१६ साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आणून पाजावं लागलं, तिथं पाणी ओतून देताना हात अडणं साहजिक आहे. तरी ओतावं, नाहीतर पाव भिजून लगदा होतो. डबा मिळालाच नाही तर तळ्यातला मरळ घ्यावा, हळद-मीठ लावून वाफवावा आणि कुस्करावा. रोहू घेऊ नये. त्याचे बारीक काटे मांसात इतके गुंतलेले असतात, की पावाच्या घासात काटा सापडेपर्यंत तो घशात गेलेला असतो.

यापुढचा भाग पाककृतीच्या पुस्तकांत नसतो, म्हणून सविस्तर सांगतो. वार बघा. सोमवार महादेवाचा, मंगळवार-शुक्रवार तुळजापूरच्या आईचे, गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा. एकादशी आणि चतुर्थी वेगळ्या. रविवार खंडोबाचा असला तरी त्या बाबतीत समाजानं परस्पर तडजोड करून घेतलेली आहे. म्हणजे बुधवार किंवा रविवार धरावा. घरात कुणी माळकरी असेल तर कुठलाही वार धरा, स्वयंपाकघर मिळणार नाही. मटणाचं पातेलं जिथं शिजतं तिथंच, अंगणातल्या तीन दगडांच्या चुलीवर, वेगळ्या ठेवलेल्या भांड्यांत हे करावं लागेल.

याबद्दल कुरकुर करू नये, कारण खरी सोय तिथंच आहे. ट्यूना मेल्ट हे उघडं सँडविच. वर दुसरा पाव नाही, वर चीज. ते वितळायला आच वरून लागते. अमेरिकेतल्या ओव्हनमध्ये वरच्या बाजूला जाळ असतो. आपल्या गॅसला तो नाही, आणि नुसत्या तव्यावर केलं तर चीज मऊ पडेपर्यंत पाव खालून कोळसा होतो. शहरातले लोक यासाठी ओटीजी विकत घेतात. तुम्ही मात्र आधीच अंगणात हाकलले गेला आहात, समोर बाभळीचे इंगळ रसरसलेले आहेत. खाली थोडी धग, वर जाड झाकण, झाकणावर इंगळ. आजीच्या पिढीनं नानकटाई अशीच भाजली, गोव्यात बेबिंकाचा एकेक थर असाच वरच्या निखाऱ्यावर भाजतात. फक्त इंगळ बाभळीचे असावेत. गोवरीचा धूर चीजला धरला तर पाहुणे चुकीच्या गोष्टीचं कौतुक करतात.

सारण सोपं आहे. ट्यूना, बारीक कांदा, हिरवी मिरची, मिरपूड. मेयोनीज नसेल तर फडक्यात टांगून काढलेला चक्का घ्यावा. कोथिंबीर कास्तीची आणि आंबटाला पानचिंचोलीची चिंच मिळाली तर बघावी. २०२४ साली दोन्हींना भौगोलिक मानांकन मिळालं, आणि एवढ्या लांबून आलेल्या माशाला निदान शेजार तरी मानाचा असावा.

पाव आधी एका बाजूनं तव्यावर कडक करून घ्यावा आणि भाजलेल्या बाजूवर सारण पसरावं. माझं स्वतःचं मत असं की बेकरीच्या गोडसर पावापेक्षा कालची ज्वारीची भाकरी उजवी. काठ कुरकुरीत राहतो, ओल सोसते. सुरीनं कापायला मात्र जाऊ नका, भाकरीला ते मान्य नाही.

चीजच्या बाबतीत गावाभिमान आवरावा. देवणी गाय देशभर नावाजलेली, पण तिच्या दुधाचं घरी पनीर करून ते वितळण्याची वाट बघत बसलात तर अंधार पडेल. लिंबानं फाडलेलं दूध तापलं की आणखी घट्ट होतं, पाघळत नाही. दुकानातलं प्रोसेस्ड चीज घ्या. ते सारखं वितळावं म्हणूनच त्यात खास क्षार घातलेले असतात. देवणीचा उपयोग शिजल्याची परीक्षा करायला होतो. या गाईचे तीन प्रकार जाणकार सांगतात : वानेरा, बालंक्या आणि शेवेरा. चार-पाच मिनिटांनी झाकण उचलून बघावं. अंग पांढरं आणि तोंडच तेवढं काळं झालं असेल तर वानेरा, अजून थांबा. अंगभर वेडेवाकडे काळे ठिपके आले की शेवेरा, लगेच उतरवा. सगळंच काळं झालं तर ती गाय राहिली नाही, म्हैस झाली, आणि ती कुत्र्याला घालावी.

इथं आजी येतील. ‘माशावर दुधाचं घाललालास का रे? कोड उठंल की!’ हा आक्षेप हसण्यावारी नेऊ नका, चरकसंहितेनंही मासे आणि दूध विरुद्ध अन्नात धरलेलं आहे. उत्तरादाखल सांगता येईल, की कोडात शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच रंगपेशींवर उलटते, त्याचा मासे-दुधाशी संबंध नाही, आणि बंगाली लोक पिढ्यानपिढ्या दह्यात मासा शिजवून खातात. यातल्या एकाही वाक्याचा परिणाम होत नाही. त्यापेक्षा चीज पिवळं असतं याचा फायदा घ्यावा आणि ते कशाचं करतात ही माहिती विचारल्याशिवाय देऊ नये.

खायचं ते चुलीपाशीच, गरम. गार झालेलं चीज रबरासारखं होतं. उरलेलं सारण पत्र्याच्या डब्यात ठेवू नका, काचेच्या भांड्यात झाकून फ्रिजमध्ये ठेवा आणि दुसऱ्या दिवशी संपवा, अर्थात दुसरा दिवस गुरुवार किंवा सोमवार नसेल तर. एका डब्यात साधारण चार काप होतात. नाकं मुरडणाऱ्यांची संख्या मोजून डबे त्या हिशेबानं मागवावेत, कारण पहिले काप तेच उचलतात. आणि रिकामा डबा धुऊन तुळशीला पाणी घालायला ठेवू नका, त्यावरून वेगळं भांडण होतं.