अर्ज योग्य मार्गाने यावेत

शिक्षक दिन तोंडावर आला की विद्यापीठांना गुरुजनांचा उमाळा येतो. त्याच उमाळ्यात एका विद्यापीठाने यंदापासून ‘उत्कृष्ट पीएचडी मार्गदर्शक’ पुरस्कार सुरू केला आहे. विद्यापीठ कोणते, ते विचारू नका; हवे ते नाव घाला, चपखल बसेल. शाल, श्रीफळ, मानपत्र आणि कुलगुरूंसोबत फोटो असे पुरस्काराचे स्वरूप आहे. ‘नेचर’ या जगप्रसिद्ध विज्ञान नियतकालिकाने असे पुरस्कार २००५ सालीच सुरू केले, हे परिपत्रकात अभिमानाने नोंदवले आहे. तिथे शिफारस करायला हाताखालून गेलेली माणसे लागतात, एवढा तपशील मात्र टंकलेखनात गळाला असावा.

निवड समितीने निकष ठरवले आहेत. पहिला अर्थातच संख्येचा. यूजीसीच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे प्राध्यापकाला एका वेळी ८, सहयोगी प्राध्यापकाला ६ आणि सहायक प्राध्यापकाला ४ विद्यार्थी घेता येतात. नियम लिहिणाऱ्यांनी ही कमाल मर्यादा म्हणून लिहिली. समितीने ती उद्दिष्ट म्हणून वाचली. ज्यांच्याकडे आठ, ते उत्कृष्ट. दोघांनाच घेऊन त्यांचे प्रत्येक प्रकरण ओळ न ओळ तपासणाऱ्या, समासात तांबड्या शाईने ‘हे कशावरून?’ असे विचारणाऱ्या एका मॅडमच्या अर्जावर ‘उपलब्ध क्षमतेचा वापर नाही’ असा शेरा पडला आहे.

समितीला तरी दोष का द्यावा? पदोन्नतीच्या २०१८ च्या तक्त्यात विद्यार्थ्याला पदवी मिळाली की गाईडला १० गुण आणि प्रबंध नुसता सादर झाला तरी ५ गुण आहेत. समासातल्या तांबड्या शाईला त्यात रकाना नाही. रकाना नाही ते काम नाही, हे विद्यापीठात शिपायापासून कुलसचिवांपर्यंत सर्वांना पाठ आहे.

दुसरा निकष ‘सहवासाचा कालावधी’. पीएचडी किमान तीन वर्षांत आणि कमाल सहा वर्षांत व्हावी, महिलांना आणखी दोन वर्षांची सवलत मिळावी, असा नियम आहे. एका सरांचे बहुतेक विद्यार्थी सहाव्या वर्षीही ‘साहित्याचा आढावा’ या प्रकरणातच मुक्कामाला आहेत. शंकेखोर माणूस म्हणेल, सरांनी पहिले प्रकरण अजून वाचलेले नाही. समितीचे म्हणणे वेगळे पडले: विद्यार्थ्यांचा सरांपासून पाय निघत नाही.

तिसरा निकष ‘सर्वांगीण विकास’. यात सरांच्या बदली तासाला शिकवणे, उत्तरपत्रिकांच्या बेरजा करणे, नॅकच्या फायली लावणे, चर्चासत्राच्या आदल्या रात्री बॅनर सरळ आहे का ते पाहणे आणि बहिस्थ परीक्षकांना पहाटेच्या गाडीवरून उतरवून घेणे ही कौशल्ये मोडतात. परीक्षकांना साखरेशिवाय चहा लागतो की गुळाचा, हे ज्या विद्यार्थ्याला व्हायव्हाच्या आधी ठाऊक असते, त्याच्या संशोधनवृत्तीबद्दल कोणी शंका घेऊ नये.

चौथा निकष सर्वांत लोकशाहीवादी आहे: विद्यार्थ्याचे शिफारसपत्र. ते लिहिले कसे जाते, हे जवळून पाहण्यासारखे असते. केबिनमध्ये सर खुर्चीत, विद्यार्थी स्टुलावर, लॅपटॉप विद्यार्थ्याच्या मांडीवर. टेबलाच्या कोपऱ्यात त्याच्या सहामाही प्रगती अहवालाची फाईल सहीसाठी दोन आठवडे पडून आहे. तिच्यावर सध्या सरांचा डबा ठेवलेला असतो.

“‘सर वेळ देतात’ काय लिहितोस? ‘अहोरात्र’ घाल.”

“घातलं, सर.”

“आणि मोकळेपणाचं एक वाक्य असू दे. माझ्याशी सगळे मोकळेपणानं बोलतात, असं.”

“घालतो, सर.”

“कोणी सांगितलं म्हणून घालू नकोस हं. तुला वाटत असेल तरच.”

“वाटतंय, सर.”

“मग ‘मनापासून वाटते’ लिही. आणि तो डबा जरा उचल, फाईल दे इकडे. फेलोशिपचं अडलंय ना तुझं?”

ज्युनिअर फेलोशिप जानेवारी २०२३ पासून दरमहा ३७ हजार झाली. खोलीचे भाडे, मेसचे बिल, घरी पाठवायचे पैसे हे सगळे त्यावर आणि ती फेलोशिप सह्यांवर चालते. अशा वेळी मनापासून वाटायला फार वेळ लागत नाही.

समितीकडे आलेली सगळी शिफारसपत्रे शब्दशः सारखी निघाली, ही किरकोळ अडचण. २०१८ च्या वाङ्मयचौर्यविषयक नियमांप्रमाणे प्रबंधात १० टक्क्यांपर्यंत साम्य चालते. समितीने निर्वाळा दिला की तो नियम संशोधनाला लागू आहे, स्तुतीला नाही.

सदस्यांपैकी एका वृद्ध प्राध्यापकांनी मध्येच मुंबई विद्यापीठाच्या डॉ. गो. स. घुर्ये यांचे नाव काढले. एम. एन. श्रीनिवास, अ. र. देसाई ही त्यांच्या हाताखालची माणसे. त्यातले देसाई पक्के मार्क्सवादी आणि घुर्ये त्या वाटेला कधी गेले नाहीत. तरी देसाईंनी राष्ट्रवादाच्या सामाजिक पार्श्वभूमीवर मार्क्सवादी मांडणीचा प्रबंध त्यांच्याकडेच केला, १९४८ साली त्याचे पुस्तक झाले आणि ते अजून अभ्यासक्रमात आहे. गुरूला न पटणारे लिहूनही विद्यार्थ्याची पदवी अडली नाही, याहून मोठे प्रमाणपत्र कोणते, असा वृद्ध प्राध्यापकांचा सवाल होता. समितीने घुर्ये यांची प्रकरणपरत्वे छाननी केली आणि ‘विद्यार्थ्यांवर वैचारिक पकड नाही’ या कारणाने त्यांना बाद ठरवले.

प्राध्यापक चिवट. त्यांनी एकच दुरुस्ती सुचवली. विद्यार्थी विद्यापीठात आहे तोवर त्याचे मत धरू नये, कारण त्याची कुठली ना कुठली सही बाकी असते. पदवी घेऊन पाच वर्षे झालेल्यांना विचारा आणि अर्धवट सोडून गेलेल्यांना तर आधी विचारा. गाईड कसा होता हे सोडून गेलेल्याइतके कोणाला ठाऊक असणार? त्याचे काहीच अडलेले नसल्यामुळे तो खरे बोलेल. असे विचारायला सभागृह लागत नाही, शाल लागत नाही; पोस्टाचे तिकीट पुरते.

बैठकीत बराच वेळ शांतता होती. एका सदस्याने ‘पण मग पुरस्कार कोणाला द्यायचा?’ अशी रास्त चिंता व्यक्त केली. सोडून गेलेल्यांची नोंदच विद्यापीठ ठेवत नसल्याने त्यांचा मुद्दा आपोआप निकाली निघाला. माजी विद्यार्थ्यांबाबतची सूचना मात्र अध्यक्षांनी पुरोगामी ठरवून एकमताने मंजूर केली. लगोलग पुरवणी परिपत्रकही निघाले: माजी विद्यार्थ्यांनी आपल्या मार्गदर्शकाविषयीचे मत निर्भीडपणे, सीलबंद लिफाफ्यात कळवावे. लिफाफा योग्य मार्गाने, म्हणजे संबंधित मार्गदर्शकांच्या सही-शिक्क्यानिशी यावा. परस्पर आलेल्या मतांचा विचार केला जाणार नाही.